संगणकावरची गिटार : आधी हात, मग आवाज

सोलापुरात अशोक चौकाच्या परिसरात घरच्या घरी ध्वनिमुद्रण करू पाहणाऱ्याची मुख्य अडचण म्हणजे यंत्रमाग. भिंतीपलीकडे माग चालू असताना अकूस्टिक गिटारसमोर माईक लावला, तर गिटारबरोबर मागाची खटखटही मुद्रित होते. आणि मागाच्या सुट्टीचा दिवस साधावा म्हटले, तर एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करून त्या खोलीत अर्धा तास बसवत नाही. भक्तिगीते आणि गणेश मंडळांची गाणी यांचे ट्रॅक करून देणाऱ्या माझ्यासारख्याला म्हणूनच गिटारसाठी व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंटचा, म्हणजे संगणकातून वाजणाऱ्या वाद्याचा, आधार घ्यावा लागला.

माझा पहिला ट्रॅक मी ऑर्केस्ट्रात बरीच वर्षे गिटार वाजवलेल्या एका मित्राला ऐकवला. त्याने तो शेवटपर्यंत शांतपणे ऐकला आणि विचारले, "आवाज झकास आहे मास्तर, पण वाजवणाऱ्याला हात किती आहेत?" मी कीबोर्डवर दोन्ही हातांनी कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) दाबली होती. एका वेळी आठ सूर वाजत होते, आणि गिटारला तारा सहाच असतात.

चांगल्या सॉफ्टवेअरमधला आवाज मुळात खऱ्या गिटारचाच असतो. कोणीतरी स्टुडिओत बसून प्रत्येक तारेवरचा प्रत्येक सूर हलक्या, मध्यम आणि जोरकस आघाताने वाजवलेला असतो, आणि तोच सूर लागोपाठ आला तरी तेच ध्वनिमुद्रण पुन्हा वाजू नये म्हणून एकाच सुराची चार-पाच मुद्रणेही ठेवलेली असतात. ट्रॅक खोटा वाटतो तो आपण त्या आवाजाकडून काय वाजवून घेतो त्यामुळे. म्हणून पियानो रोलवर, म्हणजे सूर मांडायच्या पडद्यावरच्या तक्त्यावर, एकही ठिपका ठेवण्याआधी हा सूर कोणत्या तारेवर आहे, डावा हात या क्षणी कुठे आहे आणि उजवा हात खाली जातो आहे की वर येतो आहे, हे तीन प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लावून घ्यावी.

तयारी

ध्वनिमुद्रणाचे कोणतेही सॉफ्टवेअर चालते. रीपर हे ६० दिवस वापरून पाहता येते आणि साध्या संगणकावरही कुरकुर न करता चालते, म्हणून नवख्याला मी ते सुचवतो. गिटारसाठी सुरुवातीला पैसे घालण्याची गरज नाही. अँपल साउंडच्या अकूस्टिक गिटारची लाइट आवृत्ती विनामूल्य मिळते आणि शिकण्यासाठी ती पुरेशी आहे. या वाद्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. एका प्रकारात तयार स्ट्रमिंग (तारांवरून हात खाली-वर फिरवत वाजवणे) भरलेले असते आणि आपण फक्त कॉर्ड दाबायची असते. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सची सेशन गिटारिस्ट मालिका या प्रकारातली आहे. दुसऱ्या प्रकारात एकेक सूर आपणच लिहायचा असतो. पहिला प्रकार घाईच्या कामाला उत्तम असला तरी शिकायचे असेल त्याने दुसऱ्यापासून सुरुवात करावी, कारण तयार पॅटर्न गाण्याच्या ठेक्याशी जुळला नाही, तर नेमके काय बदलायचे हे पहिल्या प्रकारातून कधीच कळत नाही.

कीबोर्डवरून वाजवून मुद्रण करताना बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, २५६ सॅम्पलपर्यंत ठेवावा. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला त्यातून सुमारे ५.८ मिलिसेकंदांचा विलंब होतो आणि तो बोटांना फारसा जाणवत नाही.

डावा हात

१९८३ मध्ये आलेल्या मिडी या वाद्ये आणि संगणक यांच्यातल्या संवादाच्या प्रमाणकात प्रत्येक सुराला ० ते १२७ यांपैकी एक क्रमांक असतो. गिटारच्या मोकळ्या, म्हणजे बोटाने न दाबलेल्या, तारा सर्वांत जाड सहाव्या तारेपासून पहिल्या तारेपर्यंत अनुक्रमे ४०, ४५, ५०, ५५, ५९ आणि ६४ या क्रमांकांच्या आहेत, म्हणजे ई, ए, डी, जी, बी आणि पुन्हा ई. हे सहा आकडे कागदावर लिहून पडद्याशेजारी चिकटवून ठेवावेत. बोट एक फ्रेट, म्हणजे दांडीवरचे एक घर, पुढे गेले की आकडा एकाने वाढतो. सुरांच्या नावांपेक्षा आकड्यांवर भिस्त ठेवण्याचे कारण असे की ६० क्रमांकाच्या त्याच सी ला काही सॉफ्टवेअर सी-३ म्हणतात, तर काही सी-४, आणि या घोळात संपूर्ण ट्रॅक एक सप्तक वर किंवा खाली जाऊन बसतो. छापील नोटेशनवरून लिहिणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : गिटारचे नोटेशन प्रत्यक्ष सुरापेक्षा एक सप्तक वर लिहिण्याचा प्रघात आहे.

आता जी मेजर घेऊ. कीबोर्डवर बसणारा माणूस सवयीने ५५, ५९, ६२ असे तीन लगतचे सूर दाबतो. गिटारवर तीच कॉर्ड नेहमीच्या पकडीत ४३, ४७, ५०, ५५, ५९, ६७ अशी पसरते : सहावी तार तिसऱ्या फ्रेटवर, पाचवी दुसऱ्या फ्रेटवर, मधल्या तीन मोकळ्या आणि पहिली पुन्हा तिसऱ्या फ्रेटवर. सी मेजरमध्ये सहावी तार वाजतच नाही आणि सूर ४८, ५२, ५५, ६०, ६४ असे पाचच येतात. डी मेजरमध्ये ते चारच उरतात : ५०, ५७, ६२, ६६. ई मायनर ४०, ४७, ५२, ५५, ५९, ६४ आणि ए मायनर ४५, ५२, ५७, ६०, ६४. एवढ्या पाच कॉर्डवर कितीतरी गाणी निघतात. डी मेजर आली की खर्जातला भरदारपणा ओसरतो आणि जी मेजर आली की तो परत येतो. हा चढउतार गिटारच्या बांधणीतूनच येतो. तो 'दुरुस्त' करण्याच्या मोहात पडून डी मेजरखाली एखादा जास्तीचा खर्ज सूर घालू नये. ते काम बेस गिटारचे आहे.

आपल्याकडचे गायक पट्टी सांगतात ती पेटीच्या भाषेत : काळी दोन, पांढरी चार. गाणे सी मध्ये लिहिलेले असेल आणि गायकाने काळी दोन, म्हणजे डी शार्प मागितली, तर सगळे सूर तीनाने वर ढकलून मोकळे होणारे अनेक असतात. सूर बरोबर येतात, परंतु सॉफ्टवेअर ते सूर आपल्या मताने भलत्याच तारांवर वाटते, मोकळ्या तारांचा नाद जातो आणि सगळी कॉर्ड आखडल्यासारखी वाटते. खरा गिटारवाला अशा वेळी तिसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावून सी चीच पकड धरतो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये कॅपोची सोय असते, ती वापरावी. आणि कॅपो तिसऱ्या फ्रेटवर असताना ४३ च्या खालचा एकही सूर ट्रॅकमध्ये राहिलेला नाही ना, हे तपासावे.

एकच सूर अनेक तारांवर मिळतो हेही विसरू नये. ६४ हा सूर पहिल्या मोकळ्या तारेवर, दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर आणि तिसऱ्या तारेच्या नवव्या फ्रेटवर सापडतो, आणि तिन्ही ठिकाणी त्याचा पोत वेगळा असतो. मोकळी तार झणझणीत, तिसरी तार जाडसर आणि गोल. एखाद्या ओळीतला एकच सूर उगाच टोचत असेल, तर त्याची तार बदलून पाहावी, पुष्कळदा इक्वलायझरला हात लावावा लागत नाही.

कॉर्ड बदलतानाची एक खुबी त्या मित्राने मला समोर बसवून दाखवली. जी वरून सी वर जायचे असेल, तेव्हा आवर्तनाच्या शेवटच्या वरच्या स्ट्रोकला डाव्या हाताची बोटे आधीच उचललेली असतात, त्यामुळे त्या एका स्ट्रोकला मोकळ्या तारा वाजतात. म्हणजे शेवटचा स्ट्रोक जी चाही नसतो आणि सी चाही नसतो. तो ६४, ५९, ५५ असा निव्वळ मोकळ्या तारांचा असतो, तोही दबक्या आवाजात. कागदावर हे चुकीचे दिसते. ट्रॅकमध्ये घातले की लगेच समोर माणूस बसल्यासारखा वाटतो.

उजवा हात

सोलापूरकराला उजव्या हाताचे तंत्र समजावणे मला सोपे जाते, कारण धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा मागाचा भाग, सर्वांनी पाहिलेला असतो. मागावर धोटा एका बाजूने गेला की त्याला दुसऱ्या बाजूने यावेच लागते. स्ट्रमिंग करणाऱ्याचा हात असाच खाली-वर, खाली-वर चालत राहतो. तारांना स्पर्श करो वा न करो, तो थांबत नाही. त्यामुळे कोणता स्ट्रोक खालचा आणि कोणता वरचा हे आवडीवर अवलंबून नसते, ते मात्रेच्या जागेवरून ठरते.

केरव्याच्या आठ मात्रा घ्या : धा गे ना ति, न क धि ना. विषम मात्रांना हात खाली जातो आणि सम मात्रांना वर येतो. सर्वांत प्रचलित स्ट्रमिंगमध्ये पहिल्या मात्रेला खाली, दुसरी रिकामी, तिसरीला खाली, चौथीला वर, पाचवी रिकामी, सहावीला वर, सातवीला खाली आणि आठवीला वर असा क्रम येतो. पाचव्या मात्रेला हात खाली जातो, पण तारांना लागत नाही. केरव्याची 'खाली', म्हणजे तालातली टाळीविना मात्रा, हीही तिथेच असल्यामुळे हे स्ट्रमिंग तबल्याबरोबर आपसूक बसते. पाचवी मात्रा रिकामी राहिली म्हणून सहावीला खालचा स्ट्रोक लिहिणे ही नवख्यांची ठरलेली चूक आहे. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण ठेका लंगडतो हे त्याला कळते.

आता एक स्ट्रोक जवळून पाहू. मिनिटाला १०० ठोक्यांच्या लयीत, एका ठोक्यात दोन मात्रा धरल्या, तर केरव्याची एक मात्रा ३०० मिलिसेकंदांची होते. समेवरचा, म्हणजे पहिल्या मात्रेवरचा, जी मेजरचा खालचा स्ट्रोक मी असा लिहितो : ४३ हा सूर ठोक्याच्या १२ मिलिसेकंद आधी, ४७ सात आधी, ५० दोन आधी, ५५ तीन नंतर, ५९ सात नंतर आणि ६७ दहा नंतर. एकूण पसारा २२ मिलिसेकंदांचा होतो. व्हेलॉसिटी, म्हणजे आघाताच्या जोराचा आकडा, ९८ पासून सुरू होऊन ८४ पर्यंत उतरते. ठोक्याच्या थोडे आधी सुरू करण्याचे कारण हे की स्ट्रोकचा मध्य ठोक्यावर पडला, तर तो वेळेवर वाटतो. सर्वांत आधी छेडली जाणारी तार ठोक्यावर ठेवली, तर गिटार तबल्याच्या मागे ओढल्यासारखी वाटते. वरचा स्ट्रोक याच्या उलट, पातळ तारांकडून सुरू होतो आणि सहसा तीन-चार तारांवरच संपतो : ६७, ५९, ५५, प्रत्येकात तीन-चार मिलिसेकंदांचे अंतर, व्हेलॉसिटी ६२ पासून ५० पर्यंत. संथ भावगीतात समेवरचा स्ट्रोक ६० ते ८० मिलिसेकंदांपर्यंत पसरला तरी शोभतो. सॉफ्टवेअर मिलिसेकंदांऐवजी टिक दाखवत असेल, तर एका ठोक्याचे ४८० टिक धरून या लयीत एक टिक १.२५ मिलिसेकंदांचा पडतो. लय नंतर बदलली, तर हे अंतरही ताणले किंवा आवळले जाते, तेव्हा लय पक्की झाल्याशिवाय या बारकाव्यात शिरू नये.

हे सगळे एकदा जमले की ते उचलून चाळीस आवर्तनांवर चिकटवण्याचा मोह होतो. माझी पद्धत अशी की चार आवर्तने वेगवेगळी लिहावीत. समेवरचा स्ट्रोक आवळलेला आणि जोरकस ठेवावा, खालीनंतरचे सैल आणि हलके ठेवावेत, आणि मग ती चार आवर्तने क्रम बदलून वापरावीत. सॉफ्टवेअरमधले 'ह्यूमनाइझ' हे बटण मी टाळतो. ते प्रत्येक सूर आंधळेपणाने मागे-पुढे सरकवते, तर माणसाची चूक आंधळी नसते. तिला वळण असते. एखादा वादक नेहमीच कॉर्ड बदलताना थोडा घाई करतो, एखादा वरचे स्ट्रोक नेहमीच थोडे उशिरा मारतो. अशी एखादी खोड निवडून ती सगळ्या गाण्यात पाळावी.

व्हेलॉसिटीबाबत एवढेच सांगतो की १२० च्या वरचे आकडे गाण्यात दोन-चार ठिकाणीच यावेत. सर्वांत जोरकस मुद्रणात पिक तारेवर आपटल्याचा कडक आवाज असतो, आणि तो सतत आला की कान शिणतो.

सुराची लांबी हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. छेडलेली तार दोनच कारणांनी थांबते : तीच तार पुन्हा छेडली जाते, किंवा कोणत्या तरी हाताचा स्पर्श तिला होतो. वरच्या स्ट्रोकला ६७, ५९ आणि ५५ वाजले, तरी खालच्या स्ट्रोकचे ४३, ४७ आणि ५० मागे घुमत राहिले पाहिजेत. पियानो रोलवर प्रत्येक स्ट्रोकला सगळे सूर एकदम तोडले, तर गिटार उचक्या देत असल्यासारखी ऐकू येते.

मींड, घसीट आणि एकेरी सूर

तार आडवी ओढून सूर चढवणे सतारीच्या श्रोत्यांना नवीन नाही. गिटारवाल्यांचे बेंड ही त्याच जातीची क्रिया आहे. दोन्हीकडे नियम एकच : तार ओढली की सूर चढतो, आणि सोडली की मूळ जागी येतो. म्हणून पिच बेंडची, म्हणजे सूर वर-खाली सरकवणाऱ्या मिडी आज्ञेची, रेषा मधल्या शून्याच्या खाली जाऊ देऊ नये. मूळ सुराच्या खाली जाणारी मींड व्हायोलिनवर चालते. पिच बेंडच्या एकूण १६,३८४ पायऱ्या असतात आणि पल्ला सहसा वर-खाली दोन स्वरांतरांचा, म्हणजे दोन फ्रेटचा ठेवलेला असतो. वाद्याचा पल्ला आणि आपण मनात धरलेला पल्ला एकच आहे ना हे आधी पाहावे, नाहीतर पूर्ण बेंड बेसूर लागते. रेषा सरळ नसावी. सुरुवातीला रेंगाळणारी, मग चढणारी आणि वर पोचताना मंदावणारी अशी ती काढावी. रॉक ढंगात तार आडवी हलवून दिलेले कंपनही मूळ सुराच्या वरच्या अंगालाच राहते, हे मॉड्युलेशन व्हीलवर विसंबणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

घसीट, म्हणजे स्लाइड, वेगळी. बोट फ्रेटवरून सरकत जाते आणि सूर पायरी-पायरीने चढतो, म्हणून ती पिच बेंडने काढण्यापेक्षा वाद्यातल्या स्लाइडच्या कीस्विचने काढावी. कीस्विच म्हणजे गिटारच्या पल्ल्याबाहेरची एक पट्टी. ती दाबली की पुढचा सूर पाम म्यूट (तळहाताने दाबलेला), हार्मोनिक (तारेला हलका स्पर्श करून काढलेला) किंवा स्लाइड अशा ठरवलेल्या पद्धतीने वाजतो. हॅमर-ऑन, म्हणजे तार पुन्हा न छेडता डाव्या हाताच्या बोटाने आपटून पुढचा सूर काढणे, करताना दोन्ही सूर एकाच तारेवर आणि साधारण चार फ्रेटच्या आत असावेत.

बोट सरकल्याची चरचर जपून वापरावी. ती फक्त गुंडाळलेल्या तारांवर येते. अकूस्टिक गिटारच्या तिसरीपासून सहावीपर्यंतच्या तारा सहसा गुंडाळलेल्या असतात. पहिल्या दोन तारांवरच्या सुरामागे चरचर ऐकू आली की जाणकार माणूस हसतो.

इलेक्ट्रिक

इलेक्ट्रिक गिटारचा अर्धा आवाज अँप्लिफायर आणि त्याच्या स्पीकरमधून येतो, म्हणून वाद्यातून कोरा आवाज घ्यावा आणि अँपचे सॉफ्टवेअर वेगळे जोडावे. डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाटका केलेला आवाज, वाढवल्यावर पूर्ण मेजर कॉर्ड गढूळ होते, कारण डिस्टॉर्शनमधून प्रत्येक दोन सुरांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर निर्माण होतात. तिथे षड्ज-पंचमाची पॉवर कॉर्ड, म्हणजे ४०, ४७, ५२ एवढीच वापरावी. गिटारचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने कमी करतो, त्यामुळे स्पीकरची नक्कल न लावलेला अँप डासासारखा गुणगुणतो. याची उलट बाजू मी स्वतः भोगली आहे : वाद्यातलाच स्पीकर चालू राहिला होता आणि मी वर दुसरा लावला. एका मंडळाची तीन गाणी माठातून आल्यासारखा आवाज घेऊन गेली, आणि दोष मी आठवडाभर इक्वलायझरमध्ये शोधत होतो.

दोन गिटार डावी-उजवीकडे

भरीव आवाजासाठी स्टुडिओत तीच गिटार दोनदा वाजवून एक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवतात. संगणकावर ट्रॅकची प्रत काढून ती २० मिलिसेकंद सरकवणे हा त्याचा पर्याय नव्हे. हेडफोनवर ते रुंद वाटते. पण मांडवातल्या कर्ण्यांवर दोन्ही बाजू एकत्र होतात, दोन प्रती एकमेकींना खोडतात आणि गिटार पोकळ होते. आपले बहुतेक काम मांडवातच वाजते, हे विसरून चालत नाही. दुसरा ट्रॅक नव्याने लिहावा आणि शक्य तर पकडही बदलावी : डावीकडे मोकळ्या जी ची पकड असेल, तर उजवीकडे पाचव्या फ्रेटवर कॅपो लावून डी ची पकड. सूर जुळतात, सप्तकांची मांडणी वेगळी होते आणि मुद्रणेही वेगळी वापरली जातात.

मिश्रणात अकूस्टिक गिटारचा १०० ते १५० हर्ट्झच्या खालचा भाग कापावा, म्हणजे डग्ग्याला आणि ढोलकीच्या धुमेला जागा मिळते. गिटार एकटीच वाजत असेल, तर मात्र तो ठेवावा. रिव्हर्ब लहान खोलीचा पुरे.

ट्रॅक पूर्ण झाला की तो गिटार वाजवणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाकडे न्यावा आणि त्याला सोबत वाजवायला सांगावे. त्याने कौतुक करण्याची वाट पाहू नये, त्याचे हात पाहावेत. जिथे हात अडेल तिथे खूण करावी. माझ्या अलीकडच्या एका ट्रॅकमध्ये मित्र दुसऱ्या अंतऱ्यात थांबला. मी आधीच्या जी चा ४३ घुमत ठेवून त्याखाली एफ चा ४१ सुरू केला होता. पाचवी तार मोकळी असताना ४५ वाजते, तेव्हा ४५ च्या खालचे सगळे सूर सहाव्या तारेवरच असतात आणि त्यांतले दोन एका वेळी वाजूच शकत नाहीत. ४३ चे शेपूट ४१ च्या आधी कापले, आणि तो पुढे वाजवू लागला.